ठरलेल्या अक्षरांतून लांब इंग्रजी शब्द कसे शोधायचे

‘टाइपरायटर’ हा शब्द इंग्रजी कीबोर्डवर अक्षरांच्या सगळ्यात वरच्या ओळीतच टाइप करता येतो, हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. त्याच दहा अक्षरांत त्याहून लांब शब्द आहे का, हे मात्र फार थोडे जण शोधतात. आहे. आणि तो सापडायला शब्दकोश पाठ असावा लागत नाही. कागद, पेन्सिल, एक बरा शब्दकोश आणि शोधाचा ठरावीक क्रम एवढ्यावर भागतं. संगणक असेल तर वेळ वाचतो, पण प्रश्नच चुकीचा विचारला असेल तर संगणक चुकीची उत्तरं जास्त वेगाने देतो.

पुढे स्पेलिंग दाखवताना टी-वाय-पी-ई असं तोडून लिहिलं आहे. तुम्ही काम करताना अर्थातच रोमन अक्षरांत लिहा, तेही सगळी कॅपिटल आणि सुटी. जोडाक्षरी लपेटीत लिहिलं की एम, एन, यू, व्ही यांची सरमिसळ होते आणि मोजणी चुकते.

पायरी १: प्रश्न तीनपैकी कोणता?

‘या अक्षरांचे शब्द’ असं म्हटलं की त्यात तीन वेगवेगळे प्रश्न दडलेले असतात. नवख्यांच्या याद्या बिघडतात त्या बहुतेक इथेच.

पहिला प्रश्न ‘फक्त’चा. शब्दातलं प्रत्येक अक्षर ठरलेल्या संचातलं हवं. संचातली काही अक्षरं वापरली नाहीत किंवा एखादं चार वेळा आलं तरी हरकत नाही. टाइपरायटर या प्रकारात बसतो.

दुसरा ‘निदान’चा. संचातलं प्रत्येक अक्षर शब्दात निदान एकदा तरी यायला हवं, मग बाहेरची कितीही येवोत. ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर असलेले शब्द शोधणं हा याचा नेहमीचा नमुना. ‘एज्युकेशन’ हे त्याचं सोपं उत्तर.

तिसरा ‘नेमकी’चा. तीच अक्षरं, तितक्याच वेळा, फक्त क्रम वेगळा. लिसन, सायलेंट, एनलिस्ट आणि टिन्सल हे चारही शब्द ई, आय, एल, एन, एस, टी या सहा अक्षरांचेच आहेत. यालाच अ‍ॅनाग्राम म्हणतात.

दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधला एक प्रकार आहे, तो वेगळा लक्षात ठेवा: अक्षरं तीच, पण प्रत्येक कितीही वेळा. ई, एल, एन, एस ही चार अक्षरं घ्या. त्यांतून चार अक्षरी ‘लेन्स’ बनतो आणि तेरा अक्षरी ‘सेन्सलेसनेस’सुद्धा. मोजून पाहा: एस सहा, ई चार, एन दोन, एल एक.

एवढा काथ्याकूट का, तर तिन्हींत अवघड काय आणि सोपं काय हे उलटसुलट होतं. ‘फक्त’मध्ये संचात एक अक्षर वाढवलं की उत्तरं वाढतात. ‘निदान’मध्ये तेच केलं की कमी होतात. म्हणून ‘फक्त’मध्ये लांब शब्द मिळणं कठीण आणि म्हणून कौतुकाचं, तर ‘निदान’मध्ये लांब शब्द आपोआप मिळतात आणि छोटा शब्द सापडणं कौतुकाचं. दोन प्रश्न एकत्र आलेलेही दिसतात. न्यूयॉर्क टाइम्सच्या स्पेलिंग बी या कोड्यात सात अक्षरं दिलेली असतात आणि शब्द फक्त त्यांतून करायचा असतो, पण मधलं अक्षर शब्दात निदान एकदा यायलाच हवं. शब्द कमीत कमी चार अक्षरी, आणि सातही अक्षरं वापरणाऱ्याला पॅनग्राम म्हणून जादा गुण.

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात संच लिहा आणि शेजारी ‘फक्त’, ‘निदान’ किंवा ‘नेमकी’ यांतला एक शब्द लिहा. मगच पुढे चला.

पायरी २: कान बाजूला ठेवा

मराठी वाचकाची अडचण इथे थोडी वेगळी असते. आपण शब्द ऐकतो आणि मनात देवनागरीत लिहितो, आणि देवनागरी इंग्रजी स्पेलिंग झाकून टाकते. ‘रिदम’ आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो. प्रत्यक्षात तो आर-एच-वाय-टी-एच-एम असा सहा अक्षरी आहे, आणि ‘रि’ ऐकू आला तरी त्यात आय नाही. ‘सायकॉलॉजी’ पी-ने सुरू होतो. ‘अकोमोडेशन’मध्ये सी दोनदा आणि एम दोनदा, पण उच्चारात एकेकदाच.

पुढच्या जागा विशेष घसरणीच्या आहेत. ‘व’ ऐकला तर तो व्ही असेल किंवा डब्ल्यू. कीबोर्डच्या वरच्या ओळीत डब्ल्यू आहे, व्ही नाही, म्हणजे एका ‘व’वर शब्दाचं भवितव्य ठरतं. ‘फ’ हा एफ असेल किंवा पी-एच. ‘क’ सी, के, क्यू किंवा सी-एच. ‘ज’ जी किंवा जे. ‘झ’सारखा आवाज झेडचाही असतो आणि एसचाही. ‘शन’ ऐकला की टी-आय-ओ-एन, एस-आय-ओ-एन किंवा सी-आय-ए-एन. म्हणून सुचलेला शब्द यादीत टाकण्यापूर्वी शब्दकोशात त्याचं स्पेलिंग बघायचंच, पंधरा वर्षं वापरत असलात तरी.

ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंगचाही फरक पडतो. ‘बिहेवियर’ ब्रिटिश पद्धतीने लिहिला तर शेवट ओ-यू-आर होतो आणि शब्दात पाचही स्वर एकेकदा येतात. अमेरिकन पद्धतीत यू गळतो आणि शब्द बाद होतो. कोणती पद्धत मानायची हे आधीच ठरवा. दोन्ही मानणार असाल तर तसं लिहून ठेवा.

पायरी ३: शब्दयादी निवडा

‘सर्वांत लांब’ या दाव्याला शब्दयादीशिवाय अर्थ नाही. यादी बदलली की विजेता बदलतो.

स्क्रॅबलच्या स्पर्धांसाठीच्या याद्या चोख असतात, पण त्यांत पंधरापेक्षा जास्त अक्षरांचा शब्द मिळत नाही, कारण पटच पंधरा बाय पंधरा घरांचा. त्यामुळे लांब शब्दांच्या शोधात ही यादी अर्ध्या वाटेत संपते. युनिक्स प्रकारच्या संगणकांवर मिळणारी जुनी ‘वेब२’ यादी १९३४ च्या वेबस्टर शब्दकोशावर आधारलेली आहे आणि तिच्यात सुमारे २ लाख ३५ हजार शब्द आहेत. दुर्मीळ शब्दांची ती खाणच, पण ती मथळ्याच्या शब्दांची यादी आहे. नियमित अनेकवचनं आणि भूतकाळाची रूपं तिच्यात बहुतेक नसतात. ‘स्टुअर्डेसेस’सारखा शब्द तिथे दिसला नाही म्हणजे तो इंग्रजीत नाही असा अर्थ घेऊ नका. दोन याद्या हाताशी असू द्या: एक मूळ शब्दांची, एक रूपांसकट.

त्याचबरोबर चार नियम ठरवून टाका. विशेषनामं चालतील का? जोडरेघेचे शब्द चालतील का? अनेकवचनं आणि क्रियापदांची रूपं? वैद्यक, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र यांतले शब्द? शेवटचा प्रश्न सोडून देऊ नका. लांब शब्दांच्या जगात रसायनशास्त्राला मोकळं सोडलं तर बाकी कुणाला जागाच उरत नाही. काही शब्द तर लांब असावेत एवढ्यासाठीच घडवलेले आहेत. फुप्फुसाच्या आजाराचं नाव म्हणून दाखवला जाणारा ४५ अक्षरी ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस’ १९३५ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीगचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी बनवला. शब्दकोशांनी तो नंतर स्वीकारला. तुम्ही स्वीकारायचा की नाही, हा तुमचा नियम.

पायरी ४: ‘फक्त’चा शोध शेपटाकडून

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. लांब इंग्रजी शब्द सहसा धड, डोकं आणि शेपूट असे जोडलेले असतात, म्हणजे मूळ शब्द, उपसर्ग आणि प्रत्यय. संचात कोणती शेपटं जिवंत राहतात ते आधी पाहिलं की नव्वद टक्के शब्दकोश न उघडताच बाजूला पडतो.

कीबोर्डची वरची ओळ घेऊ: क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय, यू, आय, ओ, पी. पाचपैकी चार स्वर आहेत, ए तेवढा नाही. वर वाय मदतीला. स्वरांची श्रीमंती आहे, व्यंजनांची तंगी.

आता मेलेली शेपटं लिहा. एस नाही, म्हणजे अनेकवचन गेलं, ‘नेस’, ‘लेस’, ‘इझम’, ‘इस्ट’ आणि ‘अस’ गेले. एन नाही, म्हणजे ‘इंग’, ‘शन’, ‘मेंट’ गेले. डी नाही, म्हणून ‘एड’ लावून भूतकाळ होत नाही. एल नाही, म्हणून ‘ली’, ‘एबल’, ‘फुल’ नाहीत. इंग्रजीतली शब्द लांबवण्याची नेहमीची सगळी हत्यारं एका झटक्यात हिरावली गेली. या ओळीतले शब्द दहा-अकरा अक्षरांवर का थबकतात, याचं कारण हेच.

जिवंत शेपटं: ई-आर, ओ-आर, आय-टी-वाय, ई-टी-वाय, ओ-आर-वाय, यू-आर-ई, आय-टी-ई, आणि शेपटासारखे वागणारे ‘टाइप’ व ‘वर्ट’ हे शब्द. ‘वर्ट’, म्हणजे डब्ल्यू-ओ-आर-टी, हा वनस्पतींच्या नावांच्या शेवटी येणारा जुना शब्द आहे. नवख्यांना तो सुचत नाही, आणि नेमका तोच कामाला येतो.

जिवंत डोकी: आर-ई, पी-आर-ई, पी-आर-ओ, पी-ई-आर, टी-आर-आय, ओ-यू-टी.

डोकी कागदाच्या डाव्या बाजूला उभी लिहा, शेपटं वरच्या बाजूला आडवी. प्रत्येक चौकोनात ‘यांच्या मध्ये काय बसेल?’ असं विचारत जा. पी-ई-आर आणि आय-टी-वाय यांच्या चौकोनात ‘पर्पेच्युइटी’ सापडतो, दहा अक्षरी. पी-आर-ओ आणि ओ-आर मिळून ‘प्रोप्रायटर’, तोही दहा. आर-ई पासून ‘रेपर्टरी’ नऊ आणि फ्रेंच वळणाचा ‘रेपर्ट्वार’ दहा. पी-आर-ओ आणि ‘टाइप’ जोडून ‘प्रोटोटाइप’ नऊ. ‘टेरिटरी’ नऊ, ‘प्रोप्रायटी’ नऊ. म्हणजे टाइपरायटर एकटा नाही, दहा अक्षरांवर निदान चौघांची बरोबरी आहे. ‘वर्ट’च्या रकान्यात ‘रप्चरवर्ट’ मिळतो: आर-यू-पी-टी-यू-आर-ई-डब्ल्यू-ओ-आर-टी, अकरा अक्षरं. जमिनीलगत पसरणारी ही वनस्पती पूर्वी अंतर्गळावर औषध म्हणून वापरत, त्यावरून हे नाव पडलं. जोडरेघ चालत असेल तर सी-सॉसाठी अमेरिकेत वापरला जाणारा ‘टीटर-टॉटर’ बारा अक्षरांवर जातो. जोडरेघेचा नियम आधी ठरवायला सांगितला तो यासाठी.

(विक्रेत्यांना ‘टाइपरायटर’ हा शब्द झटपट टाइप करून दाखवता यावा म्हणून ती सगळी अक्षरं मुद्दाम एका ओळीत ठेवली, अशी कथा तुम्हाला ऐकायला मिळेल. कथा छान आहे, तिला पुरावा नाही.)

मधल्या ओळीत स्वर एकटा ए. ‘अल्फाल्फा’ सात अक्षरी, एस लावला तर आठ. खालच्या ओळीत स्वरच नाही, तिथे वेळ घालवू नका.

हाताचा संच जास्त रंगतो. टच टायपिंगच्या, म्हणजे कीबोर्डकडे न बघता दहा बोटांनी टाइप करण्याच्या, नियमाने डाव्या हाताकडे पंधरा अक्षरं येतात: क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, ए, एस, डी, एफ, जी, झेड, एक्स, सी, व्ही, बी. इथे आय, ओ, यू, एन, एल नाहीत, पण ‘एड’, ‘एस’, ‘एसेस’, ‘एटेड’ ही शेपटं शाबूत आहेत, आणि ती लांब आहेत. म्हणून इथे बारा अक्षरं सहज गाठता येतात: ‘स्टुअर्डेसेस’, ‘रिव्हर्बरेटेड’, ‘डिसेग्रिगेटेड’. ‘एक्झॅजरेटेड’ अकरा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात धरणाऱ्या पडद्याला ‘आफ्टरकॅटरॅक्ट’ म्हणतात. त्याचं अनेकवचन चौदा अक्षरांवर पोचतं.

उजव्या हाताकडे अकरा अक्षरं: वाय, यू, आय, ओ, पी, एच, जे, के, एल, एन, एम. इंग्रजीत सर्वाधिक वापरलं जाणारं ई इथे नाही आणि ए पण नाही. ‘लॉलिपॉप’ आणि ‘मोनोपोली’ आठ-आठ, ‘पॉलिफोनी’ आणि ‘होमोफोनी’ नऊ-नऊ. त्यांतला ‘फ’ पी-एच आहे म्हणून ते वाचले, एफ असता तर गेले असते. खोल तळ्याच्या तळाशी असलेल्या थंड थराला ‘हायपोलिम्निऑन’ म्हणतात, तो अकरा. चूक होते ती बी आणि वाय यांच्यावर. बी डाव्या तर्जनीचं, वाय उजव्या तर्जनीचं. बरेच जण सवयीने उलट बोटं वापरतात आणि मग यादीही उलटी होते.

यावरून शेपटाची किंमत कशी ठरवायची ते कळतं. शेपूट जितकं लांब आणि त्यातली वेगळी अक्षरं जितकी कमी, तितकं ते मौल्यवान. ‘लेसनेस’ आठ अक्षरी आहे, पण वेगळी अक्षरं चारच: एल, ई, एस, एन. म्हणून ‘एकच स्वर, आणि तो ई’ असा संच घेतला की हे शेपूट बाजी मारतं: ‘डिफेन्सलेसनेस’ पंधरा, ‘स्ट्रेंग्थलेसनेस’ सोळा. आय या एकट्या स्वरासाठी ‘इबिलिटी’ हे सात अक्षरी शेपूट बघा: ‘इंडिव्हिजिबिलिटी’ चौदा अक्षरी, मात्र शेवटचा वाय स्वर धरायचा की नाही हे आधी ठरलेलं हवं.

कॅल्क्युलेटरचा संच

आकडे टाकून यंत्र उलटं धरलं की ० चा ओ, १ चा आय, २ चा झेड, ३ चा ई, ४ चा एच, ५ चा एस, ६ चा जी, ७ चा एल, ८ चा बी दिसतो. हाही ‘फक्त’चाच प्रश्न, पण यंत्राच्या स्वतःच्या दोन अटी त्यात शिरतात. एक, पडद्यावर किती आकडे मावतात. ‘एगशेल’ म्हणजे ई-जी-जी-एस-एच-ई-एल-एल आठ अक्षरी. शब्द मागून पुढे वाचत ७७३४५६६३ टाका, आठ आकडी यंत्रात नेमका बसतो. ‘हिलबिलीज’ अकरा अक्षरी आहे, त्याला ५३१७७१८७७१४ टाकावं लागतं, म्हणून बारा आकडी यंत्र हवं. दुसरी अट: ओ-ने संपणारा शब्द उलटा टाकताना सुरुवातीला शून्य येतं आणि यंत्र ते गिळून टाकतं. त्यावर उपाय दशांश चिन्हाचा. ‘हेलो’साठी ०.७७३४ टाका.

पायरी ५: ‘निदान’चा शोध

इथेही शेपटं कामाला येतात, पण उलट्या हिशेबाने: शेपटाने किती अक्षरं पुरवली आणि किती उरली ते बघायचं. पाच स्वरांसाठी ‘एशन’ हे शेपूट ए, आय, ओ देतं. उरले ई आणि यू. ‘एज्युकेशन’, ‘रेग्युलेशन’, ‘रेप्युटेशन’ लगेच मिळतात. ‘पॉप्युलेशन’ ऐकायला तसाच, पण त्यात ई नाही. आय-ओ-यू-एस हे शेपूट आय, ओ, यू देतं. ए आणि ई आधी आले की झालं. ‘फसीशस’ आणि ‘अ‍ॅब्स्टेमियस’ यांत तर पाचही स्वर वर्णमालेच्या क्रमाने एकेकदा येतात. ‘फसीशस’ला एल-वाय जोडलं की वायसुद्धा रांगेत बसतो.

लांबी इथे स्वस्त आहे, हे वर आलंच. खरी मजा प्रत्येक स्वर एकदाच हवा, अशी अट घातल्यावर. ‘क्वेश्चनेबल’मध्ये ई दोनदा येतो, म्हणून बाद, त्याचंच ‘क्वेश्चनेबली’ केलं की शेवटच्या ई च्या जागी वाय येतो आणि शब्द पास होतो. स्वर उलट क्रमाने, यू-ओ-आय-ई-ए असे हवे असतील तर ‘सबकॉन्टिनेंटल’ चौदा अक्षरी आहे, आणि ‘अनकॉम्प्लिमेंटरी’ पंधरा अक्षरी, शेवटी वाय घेऊन. दुसऱ्या टोकाला जायचं असेल तर छोटे शोधा: ‘इक्वेशन’ आठ, ‘सिक्वोया’ सात.

तपासताना संचाची अक्षरं एका ओळीत लिहून शब्दात दिसेल तसं एकेक खोडा. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर ‘सगळे स्वर आहेत’ असं वाटतं आणि एखादा यू कमी निघतो.

पायरी ६: ‘नेमकी’चा शोध

अक्षरं इकडून तिकडे हलवत बसू नका. शब्दातली अक्षरं वर्णक्रमाने लावा. या मांडणीला अल्फाग्राम म्हणतात. दोन शब्दांचा अल्फाग्राम एकच निघाला तर ते एकमेकांचे अ‍ॅनाग्राम, बाकी काही बघायचं कारण नाही. ए-ई-जी-आय-एल-एन-आर-टी या एका अल्फाग्रामखाली ‘अलर्टिंग’, ‘ऑल्टरिंग’, ‘इंटिग्रल’, ‘रिलेटिंग’ आणि ‘ट्रँगल’ असे पाच शब्द जमतात. हाताने काम करताना एका कार्डावर एक शब्द लिहा, कोपऱ्यात त्याचा अल्फाग्राम, आणि कार्डं अल्फाग्रामनुसार लावा. जोड्या आपोआप शेजारी येतात.

लांब जोड्यांत सगळ्यांची योग्यता सारखी नसते. ‘हायड्रोन्यूमोपेरिकार्डियम’ आणि ‘न्यूमोहायड्रोपेरिकार्डियम’ बावीस अक्षरी आहेत, पण दोन तुकड्यांची अदलाबदल यापलीकडे त्यात काही नाही. ‘कॉन्व्हर्सेशन’ आणि ‘कॉन्झर्वेशन’ बारा अक्षरी. व्ही आणि एस यांनी जागा बदलल्या, बस. मापायचं असेल तर शेजारशेजारच्या अक्षरांच्या जोड्या मोजा. या दोन शब्दांत अकरापैकी सात जोड्या जशाच्या तशा राहतात. आता ‘सिनेमॅटोग्राफर’ आणि ‘मेगाकायरॉप्टेरन’ घ्या. दुसरा म्हणजे फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांच्या गटातला प्राणी. दोन्ही पंधरा अक्षरी, अक्षरं तंतोतंत तीच, आणि चौदा जोड्यांपैकी टिकतात फक्त दोन: ई-आर आणि आर-ए. बावीस अक्षरांच्या त्या जोडीपेक्षा ही कितीतरी वरची.

संगणकाकडून करून घ्यायचं असेल तर

‘फक्त’ आणि ‘निदान’ यांसाठी प्रत्येक अक्षराला एक बिट, म्हणजे संगणकाच्या आकड्यातली ‘आहे-नाही’ सांगणारी एक जागा, द्या: ए ला १, बी ला २, सी ला ४, असं दुप्पट करत झेडला ३,३५,५४,४३२. शब्दात आलेल्या वेगळ्या अक्षरांची बेरीज म्हणजे शब्दाचा आकडा. अक्षर दोनदा आलं तरी एकदाच धरायचं. ‘फक्त’मध्ये शब्दाच्या आकड्यात संचाबाहेरचा बिट नको, ‘निदान’मध्ये संचाचा प्रत्येक बिट शब्दात हवा. लाखो शब्दांची यादीसुद्धा साधा संगणक यावरून क्षणात चाळतो. ‘नेमकी’साठी हा आकडा अपुरा आहे, कारण ‘लेन्स’ आणि ‘सेन्सलेसनेस’ यांचा आकडा एकच येतो. तिथे अल्फाग्रामच करा.

काही जण अ‍ॅनाग्रामसाठी प्रत्येक अक्षराला मूळ संख्या देतात, ए ला २ पासून झेडला १०१ पर्यंत, आणि गुणाकार करतात. कल्पना सुरेख आहे. पण लांब शब्दांवर ती फसते. एसला ६७ येतात, आणि ‘सेन्सलेसनेस’मध्ये एस सहा. त्याचा गुणाकार सुमारे ९ गुणिले १० चा १९ वा घात एवढा होतो, तर संगणकाच्या नेहमीच्या ६४ बिटांच्या आकड्यात जास्तीत जास्त सुमारे १.८ गुणिले १० चा १९ वा घात मावतो. आकडा मर्यादेबाहेर गेला की काही भाषांत तो गुपचूप कापला जातो आणि भलत्याच दोन शब्दांची जोडी जुळलेली दिसू शकते.

बाकी चुका फाइलच्या असतात. विंडोजमध्ये साठवलेल्या यादीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जादा चिन्ह असतं. ते संचाबाहेरचं अक्षर ठरतं आणि ‘फक्त’ला एकही उत्तर मिळत नाही. उत्तर शून्य आलं की आधी हेच तपासा. कॅपिटल आणि लहान अक्षरं एकसारखी करून घ्या. लोपचिन्ह आणि एस लावलेली रूपं काढून टाका. ‘कॅफे’सारख्या शब्दांत ई वर खूण असेल तर संगणक त्याला वेगळंच अक्षर समजतो, खूण काढायची की शब्द काढायचा ते ठरवा. पद्धत बरोबर चालते का हे पाहायला उत्तर माहीत असलेला शब्द टाका: वरच्या ओळीच्या शोधात टाइपरायटर आला नाही, तर गडबड तुमच्या बाजूला आहे.

सरावासाठी काही संच

ए ते एम, म्हणजे वर्णमालेचा पहिला अर्धा भाग: ‘एड’ आणि ‘एबल’ जिवंत असल्यामुळे ‘ब्लॅकमेल्ड’ आणि ‘ब्लॅकबॉल्ड’ अकरा-अकरा अक्षरी मिळतात. एन ते झेड: स्वर ओ आणि यू, सोबत वाय, ‘सूपस्पून्स’ दहा, ‘टॉर्चरस’ नऊ. ए ते जी, पाश्चात्त्य संगीतातल्या स्वरांची नावं: ‘कॅबेज’, ‘बॅगेज’, ‘इफेस्ड’ सात-सात. प्रत्येकात आधी मेलेली शेपटं लिहून मगच सुरुवात करा. उत्तरं वाचण्यापेक्षा त्यात जास्त शिकायला मिळतं.

नोंद कशी ठेवायची

सापडलेला प्रत्येक शब्द पाच-पाच अक्षरांचे गट पाडून मोजा, एकदा पुढून आणि एकदा मागून. एस, ई, एन पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांत सलग मोजताना एखादं अक्षर हमखास निसटतं. मग वहीत एका ओळीत लिहा: संच, प्रश्नाचा प्रकार, शब्द, अक्षरसंख्या, कोणत्या शब्दकोशात किंवा यादीत सापडला, ब्रिटिश की अमेरिकन स्पेलिंग, जोडरेघ आहे का. ‘सर्वांत लांब’ असं लिहायचं झालं तर शेजारी यादीचं नाव लिहा, आणि बरोबरीत आणखी कोण आहेत तेही. वरच्या ओळीत फक्त टाइपरायटर लिहून बाकी तिघांना वगळलं, तर उद्या कुणीतरी प्रोप्रायटर घेऊन येईल.